विल्ट, करीम, हकीम, शॅक की जोकिच: सगळ्यात दादा सेंटर कोण?

पोस्टअप_पोपट:
मंडळी, एनबीए म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगवरून आमच्या ग्रुपवर गेले काही दिवस नुसती मारामारी चालू आहे. एक जण म्हणतो शॅकच्या समोर इतिहासातला कुठलाही सेंटर (बास्केटजवळ खेळणारा टीममधला उंच गडी) उभा करा, चार मिनिटांत फाउल होऊन बाकावर जाईल. दुसरा विल्ट चेंबरलेनचे आकडे फेकतो, सीझनला ५०.४ पॉइंटची सरासरी म्हणजे विषयच संपला म्हणे. तिसरा जोकिचचा भक्त आहे, त्याच्याशी तर बोलायचीच सोय नाही.

माझा प्रश्न असा की वेगवेगळ्या काळातले सेंटर एकमेकांशी लावायचे तरी कसे? विल्टच्या वेळी समोरचे खरंच बुटके आणि हळू होते का, की ते आपलं असंच म्हणायची पद्धत पडलीये? आणि प्लीज, नुसत्या रिंगा (जिंकलेल्या चॅम्पियनशिप) मोजून उत्तर देऊ नका, रिंगा मोजायच्या तर बिल रसेलच्या ११ आहेत, मग चर्चाच नको. मी स्वतः २००० च्या आसपास बघायला लागलो त्यामुळे त्याच्या आधीचं सगळं माझ्यासाठी यूट्यूबवरच्या धूसर क्लिपा आहेत.

आळशी_रेफरी:
विल्टपासून सुरू करतो कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्याबद्दल आहेत, दोन्ही बाजूंनी.

१९६१-६२ चा सीझन घ्या. ५०.४ पॉइंट, २५.७ रिबाउंड आणि मॅचला सरासरी ४८.५ मिनिटं. मॅच असते ४८ मिनिटांची, म्हणजे ओव्हरटाइम धरून हा माणूस जवळजवळ बाहेर आलाच नाही. हे आकडे खरे आहेत, कोणी फुगवलेले नाहीत. पण त्या वर्षी एकेक टीम मॅचला शंभराच्या वर शॉट मारायची, आणि त्यातले बरेच चुकायचे, त्यामुळे रिबाउंडचा नुसता पाऊस. आजच्या टीम नव्वदच्या आसपास मारतात आणि शूटिंगही जास्त बसतं, म्हणजे उचलायला बॉलच कमी. त्याच सीझनला वॉल्ट बेलामी नावाचा ६ फूट ११ इंचाचा नवखा पोरगा ३१.६ च्या सरासरीने खेळून गेला, त्याचं नाव आज कोण घेतं? तर एक, समोर सगळे बुटके होते हे खोटं. आणि दोन, पॉइंट काढणं त्या वर्षी सोपं होतं हेही खरं. दोन्ही एकदम खरं असू शकतं, लोकांना तेच झेपत नाही.

१०० पॉइंटची मॅच २ मार्च १९६२, हर्शी, पेनसिल्व्हेनिया. विल्ट वॉरियर्सकडून, समोर न्यूयॉर्क निक्स. ६३ पैकी ३६ शॉट आणि ३२ पैकी २८ फ्री थ्रो. फ्री थ्रोचा हा आकडा नीट बघा, कारण आयुष्यभर हा माणूस निम्मेच फ्री थ्रो मारायचा, ५१ टक्के. त्या रात्री काय अंगात आलं होतं देव जाणे. शेवटी शेवटी निक्सवाले विल्टला बॉल मिळू नये म्हणून त्याच्या बाकीच्या चौघांना फाउल करत होते आणि वॉरियर्सवाले बॉल परत मिळावा म्हणून निक्सला फाउल करत होते, म्हणजे बास्केटबॉल कमी आणि तमाशाच जास्त. टीव्हीवर नव्हती, व्हिडिओ नाही, शेवटच्या क्वार्टरचं रेडिओ रेकॉर्डिंग तेवढं आहे.

आणि एवढं करून त्या वर्षीचा एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) कोणाला मिळाला? बिल रसेलला. तेव्हा एमव्हीपीची मतं खेळाडूच द्यायचे. रोज समोर खेळणाऱ्यांनी ५० पॉइंटवाल्याला सोडून १९ पॉइंटवाल्याला मत दिलं, यावर जरा विचार करा.

खडूस_कोच:
आकडे सोडा. माझी मोजपट्टी वेगळी आहे: या माणसाला आवरायला लीगला नियम बदलावा लागला का?

जॉर्ज मायकन. ६ फूट १० इंच, जाड भिंगाचा चष्मा लावून खेळायचा, मिनियापोलिस लेकर्स. रिंगच्या बाजूला उभा राहून निवांत हुक (डोक्यावरून एका हाताने फेकलेला शॉट) टाकायचा. १९५१ मध्ये एनबीएने लेन (बास्केटसमोरचा आखलेला पट्टा, जिथे हल्ला करणाऱ्याला फार वेळ थांबता येत नाही) ६ फुटांवरून १२ फूट केली ती त्याच्यामुळे. त्याच्या आधी १९५० मध्ये फोर्ट वेन पिस्टन्सने ठरवलं की याला बॉलच मिळू द्यायचा नाही, म्हणून ते बॉल धरून बसले, पास पास पास, आणि मॅच संपली १९-१८. हो, पूर्ण मॅच. पिस्टन्स जिंकले पण तिकीट काढून आलेल्या पब्लिकचं डोकं फिरलं असणार. असल्या रटाळ खेळाला कंटाळून पुढे १९५४ मध्ये २४ सेकंदांचं घड्याळ आलं.

मग विल्ट. १९६४ मध्ये लेन १२ ची १६ फूट. मग करीम, तेव्हाचा लू अल्सिंडर. कॉलेजात यूसीएलएकडून पहिलाच सीझन खेळला आणि १९६७ मध्ये कॉलेज बास्केटबॉलमधून डंकच (उडी मारून बॉल वरून रिंगमध्ये कोंबणं) बंद करून टाकला! जवळजवळ दहा वर्षं बंद होता. झालं उलटंच, डंक नाही म्हटल्यावर पोराने हुक इतका घासला की तोच स्कायहुक पुढे वीस सीझन कोणाला अडवता आला नाही. गंमत म्हणजे हुकचा पाया त्याने लहानपणी मायकन ड्रिलवरच घातलेला, तोच ड्रिल जो मी आजही पोरांकडून करून घेतो, रिंगखाली उभं राहून एकदा उजवा हात एकदा डावा हात, बॉल खाली आणायचा नाही. पोरं कंटाळतात, पालक विचारतात सर हे थ्री पॉइंटर कधी शिकवणार.

आणि शॅक. २००१-०२ पासून एनबीएने झोन डिफेन्सला परवानगी दिली, आता दोघं तिघं त्याच्याभोवती आधीपासून उभे राहू शकत होते. काय फरक पडला? त्याच वर्षी त्याने लागोपाठ तिसरी रिंग आणि तिसरा फायनल्स एमव्हीपी घेतला. नियम बदलूनही न थांबलेला माणूस. माझं मत शॅक.

एडिसनची_मावशी:
खडूस कोच, तुमची मोजपट्टी छान आहे पण त्यात एक मोठ्ठं भोक आहे. नियम कोणाविरुद्ध बदलता येतो? जो उंची आणि वजनाच्या जोरावर खेळतो त्याच्याविरुद्ध. पायांच्या कामाविरुद्ध काय नियम करणार? मी हकीम ओलाजुवानबद्दल बोलतेय हे कळलंच असेल.

आम्ही नव्वदच्या दशकात इकडे अमेरिकेत आलो तेव्हा मिस्टर निक्सच्या नादी लागले आणि मी त्यांच्या शेजारी बसून बसून शिकले. १९९४ ची फायनल ह्यूस्टन विरुद्ध निक्स, निक्सचा यूइंग विरुद्ध ह्यूस्टनचा हकीम, सात मॅच. आमच्या घरात त्या आठवड्यात कोणी नीट जेवलं नाही. तेव्हापासून मी त्या माणसाची चाहती, घरात फितूर म्हणून हिणवून घेतलं तरी चालेल. त्या एकाच सीझनमध्ये एमव्हीपी, बेस्ट डिफेन्डर आणि फायनल्स एमव्हीपी तिन्ही त्याचे. असं दुसऱ्या कोणत्या सेंटरने केलंय सांगा.

लोक म्हणतात जॉर्डन नव्हता म्हणून मिळालं. बरं, मग १९९५ घ्या. ह्यूस्टन वेस्टमध्ये (लीगच्या पश्चिम गटात) सहाव्या नंबरवर. डेव्हिड रॉबिन्सनला त्या वर्षीचा एमव्हीपी दिलेला, आणि हकीमने त्याच रॉबिन्सनसमोर सहा मॅचमध्ये ३५.३ ची सरासरी काढली. रॉबिन्सन काही ऐरागैरा नव्हता हो, स्वतः बेस्ट डिफेन्डर राहिलेला, आदल्याच वर्षी एका मॅचमध्ये ७१ मारलेले. तो बिचारा उडी मारतोय आणि हकीम त्याच्या खालून निघून जातोय. मग फायनलमध्ये तरुण शॅकची ऑर्लँडो, ४-०. शॅक वाईट खेळला असंही नाही, २८ ची सरासरी होती, हकीमची ३२.८.

हा लागोसचा मुलगा, फुटबॉल आणि हँडबॉल खेळून मोठा झालेला, बास्केटबॉलला हात लावला तो पंधराव्या वर्षाच्या आसपास. त्याचे पाय फुटबॉलचे आहेत म्हणून ते फिरणं तसं आहे. आणि ३,८३० ब्लॉक, अजून कोणी मोडलेला नाही हा आकडा.

पिव्हट_पुणेकर:
मावशी, ब्लॉकचा रेकॉर्ड सांगताना एक तळटीप लावा की एनबीएने ब्लॉक मोजायलाच १९७३-७४ मध्ये सुरुवात केली. रसेल आणि विल्ट दोघेही पूर्ण करिअर न मोजता गेले. मोजले असते तर हकीम किती नंबरवर असता कोण जाणे.

बाकी शॅकचं म्हणाल तर १९९५ चा शॅक तेवीस वर्षांचा पोरगा होता, त्यावरून काय ठरवता. २००० ची फायनल बघा. ३८ पॉइंट, १६.७ रिबाउंड सरासरी. समोर रिक स्मिट्स, ७ फूट ४ इंच, उंचीत शॅकपेक्षा मोठा! दुसऱ्या मॅचला इंडियानाने वैतागून त्याला फ्री थ्रो लाइनवर पाठवायचं ठरवलं, ३९ वेळा गेला, १८ मारले, २१ चुकवले, आणि तरी ४० पॉइंट २४ रिबाउंड. २००१ ला समोर मुटोम्बो, त्या वर्षीचा बेस्ट डिफेन्डर, तरी ३३ ची सरासरी. मुटोम्बोने काही चुकीचं केलं नाही, हातपाय सगळं जागेवर होतं, फक्त शॅकने पाठ लावली की तो दोन फूट मागे जायचा.

पोस्टअप_पोपट:
भारी माहिती येतेय. पण मावशींचा मुद्दा धरला तर नियमाने अडवता न येणारा आजचा माणूस जोकिचच ना? का त्याला तुम्ही लोक सेंटरच मानत नाही?

डावखुरा_दत्तू:
मानतो, आणि माझ्या मते या धाग्यात तो अजून आला नाही हीच कमाल आहे.

सोंबोर नावाच्या सर्बियातल्या गावातला जाडा पोरगा. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू निवडतात तेव्हा) ४१ वा. त्याचं नाव पुकारलं तेव्हा टीव्हीवर जाहिरात चालू होती, म्हणजे बघणाऱ्यांना धड कळलंही नाही. उडी नाही, वेग नाही, दंड नाहीत, सीझन संपला की घोड्यांच्या शर्यतींना पळतो. आणि २०२१, २०२२, २०२४ तीन एमव्हीपी. २०२३ च्या प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांमध्ये) सगळ्या लीगमध्ये एकूण पॉइंट, एकूण रिबाउंड आणि एकूण असिस्ट (ज्यावर शॉट बसतो ते पास) तिन्हीत पहिला, हे त्याच्या आधी कोणीच केलं नव्हतं. २०२४-२५ ला पूर्ण सीझनची सरासरी ट्रिपल डबल, म्हणजे तिन्ही दोन आकडी: २९.६, १२.७, १०.२. सेंटर असून.

आता तुम्ही म्हणाल दादा सेंटर म्हणजे समोरच्याला चिरडणारा, हा तर कोणाला चिरडत नाही. अहो पण चिरडणं म्हणजे काय? दोघं अंगावर आले की कोपऱ्यातला मोकळा, एकटा आला की खांद्याने सरकवत नेऊन तो वाकडातिकडा एका पायावरचा शॉट, कोणीच आलं नाही तर थ्री. समोरच्या कोचला तिन्ही पर्याय वाईट. शॅकसमोर कोचकडे निदान एक उपाय होता, फाउल करा आणि बोटं एकमेकांत अडकवून प्रार्थना करा. जोकिच ८० टक्क्यांच्या वर फ्री थ्रो मारतो, तो उपायही गेला.

आळशी_रेफरी:
दत्तू, आता डिफेन्सचं पण बोल की. आजचा प्रत्येक कोच पहिल्या मिनिटापासून पिक अँड रोल (एकाने बॉलवाल्याच्या डिफेन्डरला आडवं जाऊन मग रिंगकडे पळणं) लावून सेंटरला रिंगपासून पंचवीस फूट लांब खेचतो. जोकिचला तिथे त्रास होतो, २०२३ ला रिंग आली तेव्हाही त्याच्या आजूबाजूला ते झाकणारी पोरं होती. शॅकलाही हाच त्रास झाला असता, किंबहुना जास्त, तेव्हाही पिक अँड रोलवर तो बाहेर यायला कंटाळायचाच. रसेल आणि हकीम मात्र आज आणून सोडले तर गार्डच्या पुढे पाय हलवतील. म्हणून माझ्यासाठी प्रश्न असा की कोणाला कोणत्याही काळात सोडला तरी चालेल. तिथे मायकन बाद, बाकीचे बघू.

शिवाय हे लोक पूर्ण वेगवेगळ्या जगात खेळले असंही नाही. रसेल विल्टशी खेळला, विल्ट करीमशी, करीम हकीमशी, हकीम शॅकशी, शॅक ड्वाइट हॉवर्डशी, हॉवर्ड २०२० च्या वेस्ट फायनलमध्ये जोकिचशी. साखळी आहे सलग. १९७२ ची वेस्ट फायनल काढा, विल्ट ३५ वर्षांचा, गुडघ्याचं मोठं ऑपरेशन झालेला, आणि करीम चोवीस पंचविशीत, सीझनला ३४.८ ची सरासरी, ५७ टक्के शूटिंग. त्या सिरीजमध्ये करीमने तिशीच्या वर पॉइंट काढले खरे, पण निम्म्याहून कमी शॉट बसले आणि विल्टचे लेकर्स ४-२ जिंकले. मग १९८६ मध्ये तोच करीम, आता लेकर्सकडून, ३८ व्या वर्षी तरुण हकीमच्या ह्यूस्टनसमोर एका मॅचमध्ये ४६ मारतो. (त्या वर्षी प्लेऑफमध्ये ह्यूस्टनने लेकर्सना ४-१ ने घरी पाठवलं तो भाग वेगळा.) आता सांगा, म्हातारा विल्ट तरुण करीमला अर्धा रोखतो, म्हातारा करीम तरुण हकीमच्या टीमला ४६ मारतो, आणि हकीम शॅकला भारी पडतो. मग "जुने लोक आज टिकले नसते" हे वाक्य कुठल्या कड्यावर तुटतं ते दाखवा.

वरळी_नाका:
मधेच घुसतो. ऑक्टोबर २०१९ ला आपल्या वरळीच्या डोममध्ये किंग्ज आणि पेसर्सच्या दोन मॅच झाल्या होत्या, आठवतंय का कोणाला? भारतात एनबीएच्या मॅच पहिल्यांदाच, आणि किंग्जचे मालक विवेक रणदिवे, मूळचे मुंबईचेच. पेसर्सनी दोन्ही घेतल्या, पहिली तर ओव्हरटाइममध्ये. त्यांच्याकडून डोमांटास सबोनिस खेळलेला.

त्याचा बाप आर्व्हिडास सबोनिस, त्याचं नाव या यादीत कोणीच का घेत नाही? लिथुआनियाचा, ७ फूट ३ इंच, १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत टीमने अमेरिकेला हरवून गोल्ड घेतलं तेव्हाचा सेंटर. पोर्टलंडने १९८६ ला ड्राफ्ट केलेला, पण तेव्हा सोव्हिएत सरकार सोडेना, आला १९९५ मध्ये तिशी ओलांडून, टाचेच्या दुखापतींनी पाय निकामी झाल्यावर. तरी बिहाइंड द बॅक पास असे द्यायचा की आज जोकिच देतो ते बघून जुने लोक त्याचंच नाव काढतात. विशीतला सबोनिस एनबीएत आला असता तर ही साखळी वेगळी दिसली असती एवढं नक्की.

पिव्हट_पुणेकर:
"असता तर" ला किती मार्क द्यायचे पण? बिल वॉल्टनचंही तेच, १९७७ ला पोर्टलंडला रिंग दिली, पुढच्या वर्षी एमव्हीपी आणि मग पायाने साथ सोडली. गावसकर हेल्मेटशिवाय खेळला म्हणून सचिनचे रन कमी होतात का, तसं चाललंय हे.

गार्डन_११:
सगळं वाचलं. धाग्याच्या पहिल्याच पोस्टमध्ये "रिंगा मोजू नका" म्हणून रसेलला दारातच अडवलंत, वा! ठीक आहे, रिंगा नाही मोजत.

सेव्हन्थ मॅच मोजतो, म्हणजे सिरीज ३-३ झाल्यावरची शेवटची. रसेल करिअरमध्ये दहा सातव्या मॅच खेळला, दहाही जिंकला. १९६२ ची फायनल, लेकर्ससमोर सातवी मॅच, ओव्हरटाइम, ३० पॉइंट ४० रिबाउंड. दादागिरी म्हणजे बॉल रिंगमध्ये कोंबणं एवढंच नसतं, समोरच्या पाच जणांनी पेंटमध्ये, म्हणजे त्या लेनमध्ये, यायचा विचार सोडून देणं ही पण दादागिरीच. आणि तो ब्लॉक केलेला बॉल प्रेक्षकांत भिरकावून मिशीला पीळ देत बसायचा नाही, आपल्याच माणसाकडे टॅप करायचा आणि त्याचे सेल्टिक्स तिथून पळत सुटायचे. आजचे ब्लॉक करणारे बघा, बॉल तिसऱ्या रांगेत, छाती बडवणं, आणि बॉल परत समोरच्यांनाच.

शेवटची तीन वर्षं तर स्वतःच कोच होता, खेळत खेळत. त्यातली १९६८ आणि १९६९, दोन्ही जिंकली. विल्टशी प्लेऑफमध्ये आठ सिरीज, त्यातल्या सात रसेलच्या.

टिळक_रोड_टॉलबॉय:
गार्डन, अर्धंच सांगतोस. त्या आठांपैकी चार सिरीज सातव्या मॅचपर्यंत गेल्या. १९६२ ला १०९-१०७, १९६५ ला ११०-१०९, १९६८ ला १००-९६, १९६९ ला १०८-१०६. चार मॅचचा सगळा फरक मिळून नऊ पॉइंट! नऊ पॉइंट इकडचे तिकडे झाले असते तर आज आपण विल्टला कायमचा हरणारा आणि रसेलला देव म्हटलं असतं का? १९६५ ला शेवटच्या पाच सेकंदांत फिलाडेल्फियाचा बॉल होता, पास टाकला, हॅवलिचेकने मधेच उडवला, संपलं. त्यात विल्टचा काय दोष, त्याच्या नावावर ३० पॉइंट ३२ रिबाउंड होते.

आणि माणूस एकसुरी होता म्हणणाऱ्यांसाठी: पासिंग करत नाही असं लोक म्हणायला लागले म्हणून १९६७-६८ ला लीगमध्ये सगळ्यात जास्त असिस्ट याने दिले, ७०२. सेंटर, लीगमध्ये पहिला. जोकिचवाल्यांनी नोंद घ्यावी. करिअरमध्ये एकदाही फाउल आउट (सहा फाउल होऊन मॅचबाहेर) नाही.

गार्डन_११:
फाउल आउट नाही कारण पाच फाउल झाले की हात मागे घ्यायचा! हे तेव्हाही लोक बोलायचे. आणि १९६९ च्या सातव्या मॅचला शेवटच्या क्वार्टरमध्ये गुडघा दुखतोय म्हणून बाहेर कोण गेला होता? रसेल पाच फाउलवर खेळत होता तेव्हा, वय ३५.

टिळक_रोड_टॉलबॉय:
हीच ती अफवा. गेला कारण रिबाउंडवरून खाली येताना गुडघा वळला. पाच सहा मिनिटं राहिलेली. पण नंतर तो कोचला सांगत होता की मला परत घे, आणि त्याच्या टीमच्या, लेकर्सच्या, कोच व्हॅन ब्रेडा कोल्फने घेतलं नाही, दोघांचं आधीपासून पटत नव्हतं. बदली सेंटर मेल काउंट्सला ठेवलं आणि मॅच दोन पॉइंटने गेली, लेकर्सच्या मालकाने छताला विजयाचे फुगे आधीच बांधून ठेवले होते ते तसेच वर लटकत राहिले. कोचने त्या सीझननंतर टीम सोडली. रसेलने जाहीरपणे म्हटलं की विल्टने मैदान सोडायला नको होतं, आणि त्यावरून ते दोघे, जे आधी एकमेकांच्या घरी जेवायला जायचे, वीसेक वर्षं बोलत नव्हते. शेवटी रसेलनेच माफी मागितली. म्हणजे ज्याच्या बाजूने तू भांडतोयस त्यानेच तो मुद्दा मागे घेतलाय, तू कशाला धरून बसलायस?